माणसं सांभाळायची आहेत का, तेवढं सांग

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

खडकवासल्याची एनडीए बघून आल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं तुझी आई सांगत होती. काल तू स्वतःच सविस्तर लिहिलंस, बरं झालं. सुदान ब्लॉकचा, म्हणजे तिथल्या मुख्य इमारतीचा, घुमट बघून बरोबरच्या मुली हरखल्या, शहीद झालेल्या माजी कॅडेटांच्या स्मृतिस्थळी दोघी रडल्या आणि तुला मात्र काहीच झालं नाही. परेड ग्राउंडच्या कडेला एक कॅडेट कुबड्या घेऊन बसला होता, तुझं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याच्या घरी कळवलं असेल का, त्याची टर्म बुडणार का, हेच साताऱ्यापर्यंत डोक्यात. एनडीएच्या यादीत नाव आलंय, सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंगचंही दार उघडं आहे, आणि आता विचारतेस, ‘तात्या, माझ्या अंगावर काटाच आला नाही, म्हणजे मी त्या जागेची नव्हे का?’

काट्याचं सोडून दे. त्याच मैदानावर मी ड्रिल उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारा, म्हणून उभा राहिलोय. पहिल्या दिवशी छाती भरून आलेली पोरं महिन्याभरात टाचेला पट्ट्या लावून, दात खाऊन धावताना बघितलीत. उजाडायच्या आत उठायचं, पीटी, ड्रिल, मग वर्गात बसलं की डोळे मिटायला लागतात, दुपारी खेळ, रात्री अभ्यास, आणि मधेच कुणाच्या तरी चुकीची शिक्षा सगळ्यांना. पहिल्या टर्मला ड्रिलची परीक्षा पास झाल्याशिवाय सुट्टीच्या दिवशी पुण्यातसुद्धा सोडत नाहीत. यात्रेला जाऊन आलेल्या माणसाला ते गाव कळत नाही, तसं तुमच्या त्या सहलीचं आहे.

आता मुद्द्याचं. अकादमीची तीन वर्षं, म्हणजे सहा टर्म. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पदवी मिळते. मग ज्या त्या दलाच्या अकादमीत आणखी साधारण वर्ष. त्यानंतर नोकरी, आणि अधिकाऱ्याला पेन्शन हवी तर किमान २० वर्षं. तू विचार करतेस तो पहिल्या तीन वर्षांचा. झेपेल का, आवडेल का, मैत्रिणी मिळतील का. अगं, ते सगळं सरकार कशासाठी करतं? एक दिवस तीसेक माणसं, म्हणजे एक प्लाटून, तुझ्या हवाली करायची असतात म्हणून. त्यांचे पाय, त्यांची रजा, त्यांच्या घरची आजारपणं, त्यांची हत्यारं आणि वेळ आली तर त्यांचा जीव. ही माणसं तुला हवी आहेत का? बाकीचे प्रश्न मला विचारू नकोस, मला त्यांत रस नाही.

मी पायदळातला सुभेदार. अधिकारी कसा असतो हे जवानाच्या बाजूनं बघितलेला माणूस. एका सरावात रात्रभर चालून पहाटे मुक्कामावर पोचलो. आमच्याकडे नवा लेफ्टनंट होता, जेमतेम बावीस-तेवीसचा. त्याचे स्वतःचे पाय सोललेले. हुकूम सोडून तंबूत गेला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यानं सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावले, टॉर्च घेतली आणि गुडघ्यावर बसून एकेकाचा तळपाय बघत गेला. बोटांच्या बेचक्यात बोट घालून बघत होता. आमच्या एका गड्यानं अंगठ्याचं पिकलेलं नख लपवलं होतं, गाडीत बसवतील म्हणून. साहेबानं मोजा ओढला तेव्हा त्याला आतला ओलावा लागला. ओरडला नाही. गरम पाणी मागवलं, नर्सिंगवाल्याला उठवलं आणि त्याचं पाठीवरचं पिट्टू स्वतःच्या जागेजवळ नेऊन ठेवलं. सगळे जेवल्यावर जेवला. तारे त्याच्या खांद्यावर आधीपासून होते, पण कंपनीनं साहेब त्या पहाटे मानलं.

दुसरेही बघितले. हुशार, धावण्यात पुढे, नकाशा हातात दिला की डोळे झाकून वाचतील, आणि सहा महिने झाले तरी स्वतःच्या प्लाटूनमधल्या पोरांची नावं माहीत नाहीत. अशांबद्दल काय लिहू.

म्हणून सांगतो, तुझं लक्ष कुबड्यांवर गेलं हे वाचून मला बरं वाटलं. त्याचा अर्थ लगेच ‘जा’ असा घेऊ नकोस. पण काटा आला नाही म्हणून रडतेस आणि जे आलं ते मोजतच नाहीस, याचा मला राग आला.

त्या मुलाचं पुढं काय होतं तेही ऐक, कारण हे तुला कुणी सांगणार नाही. बरा झाला तर एक टर्म मागे टाकतात, त्याला रेलिगेशन म्हणतात, आणि तो धाकट्यांबरोबर पुन्हा सुरू करतो. बरा झालाच नाही तर मेडिकल बोर्ड घरी पाठवतं. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालेलं नसतं, त्यामुळे अशा मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, इतका तो साचला होता. आणि जो धडधाकट असून आपल्या मर्जीनं सोडतो, त्याच्याकडून प्रशिक्षणाचा खर्च वसूल होतो. तसं बंधपत्र असतं, त्यावर वडिलांची सही लागते. हे वाचून पाय मागे आला तर येऊ दे. आज मागे आलेला बरा.

मुलींचं तू विचारलंयस. २०२१ मध्ये न्यायालयानं परीक्षेची दारं उघडली, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ जणी त्याच खेत्रपाल मैदानावरून पास होऊन बाहेर पडल्या. ज्यांच्या नावाचं ते मैदान, ते अरुण खेत्रपाल १९७१ च्या युद्धात बसंतरच्या लढाईत गेले तेव्हा अवघ्या २१ वर्षांचे होते, हेही ध्यानात ठेव. पायदळात आणि रणगाड्यांत मुलींना अजून घेत नाहीत. पण सिग्नल्स असो, इंजिनिअर्स असो, तोफखाना असो, माणसं तिथंही असतात. जवान बाईचं ऐकतील का, असं तुझ्या चुलत्यानं विचारलं म्हणे. त्याला सांग, पाय बघणाऱ्या अधिकाऱ्याचं जवान ऐकतो. मी ऐकलंय, म्हणून सांगतो.

आता वालचंदचं. सांगलीला प्रवेश मिळण्याइतके गुण आहेत तर ते हलकं समजू नकोस. इंजिनिअर होऊनही फौजेत येता येतं, चेन्नईच्या ओटीएमधून, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीतून, शॉर्ट सर्व्हिस आहे, ठरावीक मुदतीची नोकरी, १० वर्षांची, पुढे १४ पर्यंत वाढते. आपल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लेकरांच्या आई होत्या, वयाची सवलत मिळाली आणि २०१७ मध्ये त्याच चेन्नईहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. म्हणजे दारं दुसरीही आहेत. एनडीएचं मात्र साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होतं आणि पुन्हा कुणासाठी उघडत नाही.

हे दार बंद होणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मी शिपाई म्हणून भरती झालो. नोकरीत असलेल्या जवानाला परीक्षा देऊन डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात जाता येतं, अधिकारी होता येतं. त्यालाही वयाची अट. माझा अर्ज भरून तयार होता. त्याच वर्षी घरी सोसायटीचं कर्ज थकलं, बहिणीचं लग्न ठरलं, आणि अभ्यासाला लागणारी रजा मी तिकडे घातली. पुढच्या वर्षी कंपनी सरहद्दीजवळ पुढच्या भागात होती. मग वय निघून गेलं. मला त्याचं वाईट वाटतं, आजही. माझ्या हाताखाली पाय आपटायला शिकलेली पोरं कॅप्टन होऊन समोर आली आणि मी सॅल्यूट ठोकला, तेव्हाही वाटलं. पण तेच वर्ष परत आलं तर मी पुन्हा बहिणीचंच लग्न उरकेन. आणि सुभेदार म्हणून मी काही कमी केलं नाही. नवा लेफ्टनंट शिकेपर्यंत प्लाटून कोण चालवतो? आम्ही. पोरांची पत्रं, भांडणं, कर्जं, व्यसनं, सगळं माझ्या पलंगाशी येऊन बसायचं. माणसं मला हवी होती, ती मिळाली. अधिकाऱ्याचे तारे मिळाले नाहीत. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर काय मागायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि गावात कुणी ‘नुसता सुभेदार’ म्हणालं तर त्याच्याशी मी आजही भांडतो.

तुझ्या वडिलांचं मला समजतं. आपला जिल्हा असा आहे. अपशिंग्यासारख्या गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे आणि आजही घराघरात वर्दी टांगलेली दिसते. सैनिक स्कूल १९६१ मध्ये निघालं ते आपल्या साताऱ्यात. इथं वर्दीला कुणी ‘का’ म्हणून विचारतच नाही, आणि तुझी अडचण तिथंच झालीय. गुणवत्ता यादीत नाव आलं त्याच दिवशी पोवई नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला. आता तो उतरवायचा कसा, या चिंतेनं तू हो म्हणणार असशील तर मी स्वतः येऊन उतरवतो. एसएसबीच्या, म्हणजे निवड मंडळाच्या, पाच दिवसांत तुला पारखणाऱ्यांनी तुझ्यात काहीतरी बघितलंय, ते खोटं नाही. पण ते जमण्याबद्दल बोलतात. हवं आहे का, ते तुलाच बोलायचंय. माणसं हवी असतील तर जा आणि मग टाच सोलली तरी मागे बघू नकोस. वर्दी हवी असेल, मान हवा असेल, तर सांगलीला जा. तिथं मानानं राहशील आणि कुणा जवानाचं नुकसान होणार नाही.

रविवारी सकाळी घरी ये, वडिलांना घेऊन. बंधपत्राचा कागद, मेडिकलचे रिपोर्ट आणि वालचंदच्या प्रवेशाच्या तारखा बरोबर आण. बंधपत्र दोघांनी आधी नीट वाचून या, मला ओळ न् ओळ विचारायची आहे. वडील बोलायला लागले की मी त्यांना थांबवीन, त्यांना आधीच सांगून ठेव. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझे,
तात्या