भिगवणला रोहित पक्षी बघायला जातोय. तिथले उजनी धरणाचे मासे खाणं सुरक्षित आहे का?

खा. पण मासा कधीचा आहे आणि कसा शिजवलाय, ते बघून खा.

हा प्रश्न मला झोंबतो, कारण आमच्या घरात तो कित्येक वर्षं पेटलेला आहे. आमची जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली, तेव्हा आजोबांनी नांगर सोडून जाळं धरलं. माझे पुण्याचे दाजी दर हिवाळ्यात रोहित बघायला हौसेनं येतात आणि ताटावर बसले की म्हणतात, "गटाराच्या पाण्यातला मासा मी खाणार नाही."

गेल्या खेपेला भिगवणजवळच्या कुंभारगावात होडीत बसलो. थवा लांब होता तेव्हाच नावाड्यानं इंजिन बंद करून बांबू हातात घेतला. रोहित उथळ पाण्यात मान खाली घालून चरत होते, कडेला चित्रबलाक उभे. दाजी म्हणाले, "अजून जवळ घे, पैसे मोजलेत." तो नाही म्हणाला. मग उडतानाचा गुलाबी पंख फोटोत यावा म्हणून दाजींनी टाळ्या वाजवल्या आणि अख्खा थवा उठला. लांबून चरायला आलेल्या पाखराला भरल्या ताटावरून उठवायचं, याला पक्षीप्रेम म्हणत नाहीत. दुपारी त्याच नावाड्याच्या घरी ताजी चिलापी तळली होती. तिच्याकडे बघून दाजींनी नाक मुरडलं.

पाणी घाण आहे, मान्य. पण ती घाण पुणे-पिंपरीच्या मोऱ्यांतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि मग उजनीत येते. घाण तुमची आणि बदनाम आमचा मासा!

तर, सकाळी जाळ्यातून निघालेला मासा घ्या. कल्ले लाल हवेत, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. आतडी, काळीज सगळं काढून टाका. रोहू-कटल्याचं पित्त औषध म्हणून गिळणारे लोक आहेत. त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात, माणसं दगावतात. गोड्या पाण्यातल्या माशात जंत असू शकतात आणि ते लिंबू-मिठानं मरत नाहीत, म्हणून काट्यापर्यंत शिजवा. आफ्रिकन मांगूर कुणी दिला तर नको म्हणा, त्याच्या पैदाशीवर 2000 सालापासून बंदी आहे. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा शेवाळाचा तवंग धरतो, तेव्हा त्या भागातला मासा आम्हीही खात नाही. त्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही.

जड धातूही शिजवून जात नाहीत, हेही सांगायला हवं. म्हणून मोठ्या, जुन्या माशापेक्षा लहान चिलापी बरी. गरोदर बाई किंवा लहान मूल सोबत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि नावाडी थांबेल तिथंच थांबा. दाजींनाही मी तेच बजावलंय, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी होडी सांगणार नाही.