ऋषभ की वृषभ?

जैनांच्या पहिल्या तीर्थंकरांच्या नावाबद्दलचा प्रश्न सांगलीतून आलाय: बस्तीच्या (म्हणजे जैन मंदिराच्या) कमानीवर ‘श्री १००८ वृषभनाथ’, पंचकल्याणक पूजेच्या पत्रिकेत ‘ऋषभदेव’, आणि भागवत सप्ताहात महाराजांच्या तोंडी ‘ऋषभावतार’. यातलं बरोबर कुठलं, आणि हे तिघं एकच का?

दोन्ही शब्द बरोबर. ‘व’ गळून ऋषभ झाला किंवा ‘व’ चिकटून वृषभ झाला, असं काही नाही. संस्कृतात दोन्ही आधीपासून आहेत. अमरकोश बैलाची नावं सांगताना त्यांना शेजारी बसवतो: ‘बलीवर्द ऋषभो वृषभो वृषः’. आपण ‘ऋ’चा ‘रु’ करतो, त्यामुळे कानाला फरक लागतो तो एवढ्या एका ‘व’चाच.

पण नाव का ठेवलं, ते पाहायला गेलं तर वाटा वेगळ्या होतात. भागवताच्या पाचव्या स्कंधात नाभिराजा मुलाचं बळ, तेज, यश पाहून त्याला ऋषभ म्हणतो. तिथे बैलाचा काही संबंध नाही, ऋषभ म्हणजे श्रेष्ठ. गीतेतलं ‘भरतर्षभ’ याच अर्थाचं. भरतकुळातला बैल असा अर्थ घेतला असता तर अर्जुनाने पुन्हा धनुष्य टाकलं असतं.

दिगंबर परंपरेतल्या जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात (नववं शतक) मात्र ‘वृषभ’ची फोड आहे. वृष् म्हणजे वर्षाव करणे. हा जगावर धर्मामृताचा वर्षाव करील, म्हणून इंद्रांनी नाव ठेवलं वृषभ. पाठोपाठ दुसरी फोड: वृष म्हणजे धर्म, त्याने जो शोभतो (भाति) तो वृषभ. व्याकरण म्हणून ही दुसरी जरा ओढूनताणून आहे, कविता म्हणून फर्मास. आणि ‘ऋषभ’वर यातली एकही जमत नाही! सांगलीकडचा जैन समाज बहुतांशी दिगंबर, तेव्हा कमानीवर वृषभनाथ आणि शाळेच्या हजेरीपटावर वृषभ नावाची पोरं, हे ओघानेच आलं. त्यांची रास वृषभ असतेच असं नाही. उलट लोगस्स सूत्राच्या (चोवीस तीर्थंकरांच्या स्तुतीच्या) प्राकृतात ‘उसभमजिअं च वंदे’ असं आहे. हा उसभ म्हणजे ऋषभ. म्हणजे जैन परंपरेतही दोन्ही रूपं नांदतात, पत्रिका छापणारा चुकलेला नाही.

आता तिघं एकच का? वडील नाभी, आई मरुदेवी (भागवतात मेरुदेवी), मुलगा भरत, ज्याच्यावरून भारतवर्ष: इतकं जुळतं म्हटल्यावर व्यक्ती एकच धरावी लागते. पण भागवत त्यांना विष्णूच्या अवतारांच्या यादीत आठवे बसवतं, आणि जैनांना अवतार ही कल्पनाच मान्य नाही. तीर्थंकर स्वतःच्या साधनेने मुक्त होतो, वरून उतरत नाही. शेवटही निराळा. भागवतात कुटक पर्वतावरच्या वणव्यात देह जातो, जैन परंपरेत कैलासावर निर्वाण. म्हणून सप्ताहात ‘ऋषभावतार’ ठीक, बस्तीच्या पत्रिकेत तो शब्द नको.

घोळ खरा होतो तो ‘आदिनाथ’मुळे. बस्तीत आदिनाथ म्हणजे हेच वृषभनाथ. बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथांच्या देवळात कुणी आदिनाथ म्हटलं तर तो शंकर. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा सुरू होते तीही त्याच्यापासून. बैलावरून ओळखायला जाल तर फसाल: इकडे तो पादपीठावर कोरलेलं लांछन, म्हणजे तीर्थंकरांची ओळखखूण असतो, तिकडे नंदी.