पोरीला रक्त भरायचंय आणि दवाखाना म्हणतोय, गार्डियनचा कागद आणा

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातनं (जिल्हा बेळगाव) एका ताईंनी मोठं पत्र पाठवलंय, नावगाव काढून थोडक्यात सांगतो. बहीण आणि भावोजी दोघंही इचलकरंजीला लूमवर होते, दोघंही गेले. मागे दोन मुलं, मुलगा १६ चा आणि मुलगी ७ ची. मुलीला जन्मापासून एचआयव्ही, औषध चालू आहे पण औषधाचं बुक महाराष्ट्रातल्या एआरटी सेंटरचं, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राचं. सहा महिने झाले दोन्ही मुलं ताईंकडंच आहेत. आता पोरीचं हिमोग्लोबिन ५.६ आलंय, "चार पायऱ्या चढली की धापा टाकालीय, ओठ पांढरेफटक झालेत" असं लिहिलंय. बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, आधी ॲडमिट करून रक्त भरूया म्हणाले, मग एआरटीचं बुक बघितलं आणि सूरच बदलला. आमच्याकडं सोय नाही, शिवाय तुम्ही मावशी, आईबाप नाहीत तर सही कुणाची, कोर्टातनं गार्डियनचा कागद घेऊन या. नर्सनं कॉरिडॉरमध्ये चारचौघांत आजाराचं नाव घेतलं. वर मुलीचा काका फोनवर म्हणतोय की मला विचारल्याशिवाय रक्त भरलं तर बघून घेतो. ताईंचा प्रश्न एवढाच की कोर्टाचा कागद किती दिवसांत मिळेल.

ताई, रागवू नका, पण कागदाची वाट बघायचीच नाहीये. हे वाचताय तेव्हा पोरगी अजून घरातच असेल तर वाचणं थांबवा, १०८ ला फोन करा आणि बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, तिथं मुलांचा वॉर्डही आहे आणि एआरटी सेंटरही. या वयाच्या मुलांमध्ये ८ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला गंभीर ॲनिमिया म्हणते, तुमची ५.६ वर आहे आणि धाप लागालीय. जाताना एआरटी बुक, गोळ्यांची डबी आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत घाला. बाकीचं दवाखान्याच्या बाकड्यावर बसून वाचा.

आता सहीचं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, कलम ५ म्हणतं की उपचाराला रुग्णाची किंवा त्याच्या प्रतिनिधीची समजून-उमजून दिलेली संमती पाहिजे. दवाखानेवाले हेच पुढं करतात. पण प्रतिनिधी म्हणजे कोर्टाचा शिक्का असलेलाच माणूस असं त्यात कुठंही नाही. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्यात गार्डियनची व्याख्या बघा, मुलाची देखभाल ज्याच्याकडं आहे तो, बस. सहा महिने पोरीला जेवूखाऊ कोण घालतंय, औषध कोण देतंय? तुम्ही. आणि डॉक्टरांना आपल्यावर केस होईल अशी भीती असेल तर त्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम २७ दाखवा, १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूनं, गार्डियनच्या किंवा ज्याच्या ताब्यात मूल कायदेशीरपणे आहे त्याच्या संमतीनं केलेली गोष्ट गुन्हा होत नाही. कलम ३० तर त्याच्याही पुढं जातं, जीव वाचवायचाय आणि संमती देणारा वेळेत मिळतच नाही, तर संमतीशिवायसुद्धा डॉक्टर उपचार करू शकतात. मग काकाचा फोन कुठल्या कलमात बसतो ते त्यालाच विचारा. त्याची परवानगी लागत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच वकिलांनाही माहीत नसते म्हणून सांगतो. तुम्ही उद्यमबागला (बेळगावातली कारखान्यांची वसाहत) कामावर असता आणि १६ वर्षांचा भाऊ पोरीला घेऊन गेला तर "मोठं माणूस आण" म्हणून परत पाठवतात असं लिहिलंय ना, त्यावर एचआयव्ही कायद्याचं कलम ३२ आहे, एचआयव्ही असलेल्या घरात १२ ते १८ वयाचं, पुरेशी समज असलेलं आणि घरचं बघणारं भावंड धाकट्याचं गार्डियन होऊ शकतं, शाळेच्या ॲडमिशनला, उपचाराला, बँकेच्या खात्यालासुद्धा. त्याची सही चालते. तरी मोठ्या निर्णयाला तुम्ही हजर राहा, १६ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर किती टाकायचं.

मी वकील आहे, डॉक्टर नव्हे, पण अशाच एका केसमध्ये फाइल वाचताना जे शिकलो ते तुमच्या उपयोगाचं आहे. तुम्ही पाठवलेल्या डबीच्या फोटोत झिडोव्हुडिन दिसतंय. हे औषध काही मुलांमध्ये अस्थिमज्जेत रक्त तयार होण्याचं काम दाबतं आणि हिमोग्लोबिन घसरतं. अशा वेळी एआरटीचे डॉक्टर बहुतेक वेळा ते काढून अबाकाविरसारखं दुसरं देतात. पण दरवेळी दोष त्याच गोळीचा असतो असं नाही, टीबी, जंत, लोहाची कमतरता, खुद्द एचआयव्ही, यातलं काहीही किंवा दोन-तीन एकदम असू शकतं, त्यामुळं गल्लीतल्या डॉक्टरनं दोन महिने टॉनिक दिलं आणि काही फरक पडला नाही यात नवल नाही, कारण शोधायची तपासणीच झाली नाही. तुम्ही स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका, बदलायची की नाही ते एआरटी सेंटर ठरवेल. आणि ते फुकट आहे, सरकारनं एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि २०१७ च्या कायद्याच्या कलम १४ नं ती शक्य तेवढी पुरवणं सरकारची जबाबदारीच करून टाकली.

"बुक महाराष्ट्राचं, आधार इचलकरंजीचं, इथं घेतील का?" घेतील. नाकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा कार्यक्रम देशभर एकच आहे. तिकडच्या सेंटरकडनं ट्रान्सफरचं पत्र मागवून घ्या, तोपर्यंत गोळ्या संपत आल्या तर बुक दाखवून प्रवासातला रुग्ण म्हणून इथनं तात्पुरत्या मिळतात. आपल्याकडं लोक लग्नाला, शेताला, बाजाराला रोज बॉर्डर ओलांडतात, फक्त कागद म्हटलं की सगळ्यांना एकदम सीमा आठवते.

आता त्या खाजगी दवाखान्याचं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, छोट्या दवाखान्यात खरंच मुलांचा डॉक्टर किंवा रक्ताची सोय नसेल तर दुसरीकडं पाठवणं म्हणजे भेदभाव नाही. पण तुमच्या केसमध्ये बुक बघायच्या आधी सोय होती आणि बघितल्यावर गेली. हेच पकडायचं. एचआयव्ही कायद्याच्या कलम ३ प्रमाणं एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, मधेच थांबवणं, वेगळं वागवणं बंद आहे, सरकारी असो की खाजगी. त्यांनी चिठ्ठीवर काही लिहून दिलं नाही म्हणताय, मग तुम्हीच आज रात्री वहीत लिहा, किती वाजता पोचलो, कुठल्या टेबलावर, कोण काय बोललं, बरोबर कोण होतं. केस पेपरची आणि पावतीची फोटोकॉपी ठेवा. मेडिकल रेकॉर्ड लेखी मागितलं की ७२ तासांत द्यायचं असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे, अर्ज द्या, पोच घ्या. नर्सचं म्हणाल तर उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सनी आपापसात सांगणं कायद्याला चालतं, पण कॉरिडॉरमध्ये परक्यांसमोर बोलणं एचआयव्ही कायद्याच्या कलम ८ मध्ये अडकतं, त्याला तुमची लेखी संमती पाहिजे होती.

तक्रार दोन ठिकाणी. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात या कायद्याखाली तक्रार अधिकारी असायलाच पाहिजे, पहिला अर्ज त्याच्या नावानं. दुसरा राज्याच्या ओम्बड्समनकडं, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकून निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडं, प्रकार बेळगावात घडला म्हणून कर्नाटकाच्याच, पत्ता जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षात म्हणजे डॅपकूमध्ये विचारा. ओम्बड्समननं ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि तातडीचा उपचार असेल तर शक्यतो २४ तासांत. पोरीचं नाव बाहेर येईल ही भीती सोडा, कलम ३४ खाली खोट्या नावानं, बंद दाराआड सुनावणी मागता येते. वकिलाला पैसे नाहीत म्हणताय तर १५१०० ला फोन करा, बायका आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. एवढं करूनही कुणी हललं नाही तर हायकोर्टाचं धारवाड बेंच आहेच.

अर्ज द्यायला गेल्यावर एका क्लार्कनं "कन्नडात लिहून आणा" म्हटलं असंही पत्रात आहे, त्यावर तुम्ही चिडलाय. बरोबर चिडलाय. घटनेचं कलम ३५० म्हणतं की सरकारी अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, म्हणजे मराठी अर्ज घ्यायलाच पाहिजे. तरी माझं ऐका, मराठी अर्जाला एक पान कन्नडातलं जोडा, शेजारच्या कॉलेजच्या पोराकडनं लिहून घ्या. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, पोरीचं हिमोग्लोबिन तेवढं थांबणार नाही.

रक्ताच्या बाबतीत बाहेर चहाच्या गाड्यावर कुणी "डोनर देतो, एवढे द्या" म्हणून भेटलं तर हाकला. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद आहे. आणि तसलं रक्त या पोरीला नकोच.

राहिला काका. मला वाटतं त्याचा जीव रक्तात नाही, जमिनीत अडकलाय. हिंदू कुटुंब धरून सांगतो, भावोजींच्या वाट्याची जमीन या दोन मुलांची, आजी असेल तर तिचाही वाटा, काकाचा नाही. पण इथं नियम उलटा फिरतो हे ध्यानात घ्या: दवाखान्यात सही करायला तुमचं सांभाळणं पुरतं, जमिनीला पुरत नाही. नुसतं सांभाळतो म्हणून मुलांची जमीन कुणालाच विकता येत नाही, त्यालाही नाही, तुम्हालाही नाही, १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं कलम ११. म्हणून गार्डियनशिपचा अर्ज करायचाच आहे, पण पोरगी घरी आल्यावर, सावकाश. तोपर्यंत पहाणी उतारा (इकडचा सातबारा) काढून ठेवा, तलाठ्याकडं वारसा नोंदीला दोन्ही मुलांची नावं द्या, आणि मूळ कागद घरात धोक्यात वाटत असतील तर एचआयव्ही कायद्याच्या कलम १६ खाली बाल कल्याण समितीकडं ठेवायला देता येतात, काका मुलांना हुसकावू बघतोय ही तक्रारही तिथंच. त्यानं "फक्त दवाखान्यासाठी" म्हणून कोरा स्टॅम्प पेपर पुढं केला तर सही नाही, अंगठा नाही, पोराचाही नाही.