वर्गणी थकली म्हणून मंडळी सोडायची नाही

सलाम गं. तू लिहिलंयस की नवरा एमआयडीसीतल्या नोकरीवरून कमी झाल्यापासून घरीच आहे, तू दोन घरचा स्वयंपाक करतेस, मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, वर्गणी 14 महिने थकली आणि थकबाकीची यादी चर्चच्या नोटीस बोर्डावर लागली, ती तुझ्या मुलीने मैत्रिणींसमोर वाचली आणि त्या रविवारपासून ती उपासनेला येत नाही. शेवटी विचारलंस, "मावशी, आम्हीपण जायचं बंद करू का, की दुसरं चर्च बघू?"

नको गं. इतक्यात तर अजिबात नको.

मी स्वतः 9 वर्षं पंचकमेटीवर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमेटीवर होते, त्यामुळे पाळकांचा (पास्टरांचा) पगार, लाईटबिल, गळणारं छप्पर सगळं मला माहितीये, पैसा लागतोच. पण बोर्डावर नाव लावून तो येत नाही, माणूस मात्र जातो. ही चूक आम्हीपण केली होती, दोन कुटुंबं गेली ती परत आलीच नाहीत, आजही मला त्याचं वाईट वाटतं.

आता बायबल काढ. लेवीय 12 मध्ये बाळंतिणीच्या अर्पणाचा नियम आहे, एक वर्षाचं कोकरू आणायचं, आणि तिथेच पुढे लिहिलंय की तेवढी ऐपत नसेल तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील. लेवीय 5 मध्ये पापार्पणाला तर त्याच्याही खालची पायरी आहे, पक्षीपण जमत नसतील तर थोडं सपीठ आण. आणि लूक 2 मध्ये मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांच्या अर्पणाला कोकरू नाहीये, पक्ष्यांची जोडी आहे. आपल्या प्रभूच्या घरच्यांनी गरिबाच्या दराने अर्पण दिलंय बाई! मग मंडळीत एकच दर कुठून आला?

माझी आई रोज दळण काढताना एक मूठ बाजरी पत्र्याच्या डब्यात बाजूला टाकायची, रविवारी ती पदरात बांधून न्यायची आणि वेदीपुढच्या टोपलीत ओतायची, सगळ्यांची बाजरी एकात एक मिसळायची, कुणाची किती ते कळायचंच नाही. नगरकडच्या आपल्या कितीतरी मंडळ्या महारवाड्या-मांगवाड्यातल्या माणसांच्या अशा मुठींवर उभ्या राहिल्या, 1876-78 चा दुष्काळ काढलेली माणसं होती ती.

तर तू आणि नवरा दोघं पाळकसाहेबांना भेटायला जा, महिला मंडळातली एखादी विश्वासाची बाई बरोबर घे. सरळ म्हणा की यादी काढा, वर्गणी बंद पाकिटात घ्या, ज्याने त्याने आपला आकडा स्वतः ठरवावा, आणि तरुण संघाच्या कॅम्पची फी ज्याला झेपत नाही त्याची मंडळीने कुणाचं नाव न घेता भरावी. मंडळीच्या घटनेत थकबाकीदाराला मत नाही असा नियम असेल तर तो पण विचारून घ्या, कारण तो बदलायला सभेत कुणीतरी विषय काढावाच लागतो. कमेटीत कुणी कुरकुर केली तर याकोब 2 मधला सोन्याची अंगठीवाला आणि मळक्या कपड्यांतला गरीब, दोघांना कुठे बसवलं ते वाचून दाखवा.

अजून एक, हे मला फार लागतं. सणाच्या जेवणाला भांडी घासायला कायम गरिबाघरच्याच बायका आणि पुलपिटवर (पुढच्या व्यासपीठावर) बायबलचा पाठ वाचायला कायम त्याच शिकलेल्या घरातली मंडळी. तू स्वयंपाक छान करतेस म्हणून तुला चुलीपाशीच बसवतील, एखादवेळ कर, पण पाळकांना सांग की माझी मुलगी छान वाचते, तिला पाठ द्या. वाचायला उभी राहिली की तिचं नाव मंडळीला वेगळ्या कारणाने कळेल. तोवर तिच्यावर जबरदस्ती करू नकोस, घरी संध्याकाळी दोघींनी एक गीत म्हणा, बास.

दोन-तीन महिने वाट बघ, काहीच हललं नाही तर दुसऱ्या मंडळीत जा, त्यात पाप नाही. फक्त पाळकांना रविवारी उपासनेनंतर गाठू नकोस, दारात गर्दी असते, घाईत बोलणं होतं. बुधवारी-गुरुवारी फोन करून संध्याकाळी घरी जा, आणि त्या 14 महिन्यांचा आकडा तू आधी काढू नकोस, यादीपासून सुरू कर.