जुनी अ‍ॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांत सरस कोणती? साताऱ्याकडच्या घाटांत चालवायला कोणती घ्यावी?

पद्मिनी. ‘अ‍ॅम्बेसिडर ती अ‍ॅम्बेसिडर’ हे घरात इतकी वर्षं ऐकलंय की कुणी नुसतं विचारलं तरी माझं डोकं तडकतं.

अ‍ॅम्बेसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन 1489 सीसीचं, ताकद 50 हॉर्सपॉवरच्या आसपास, पण गाडी 1100 किलोच्या पुढची. पद्मिनीचं 1089 सीसी, 40 च्या आसपास, वजन 900 च्या आत. किलोमागे हिशेब केला तर दोघी सारख्याच. इंजिन मोठं म्हणजे चढणार जोरात, हा आमच्या तात्यांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा, लाडका समज.

मे महिन्यात पाचगणीला लग्न होतं. तात्यांची अ‍ॅम्बेसिडर पुढं, आण्णांची फियाट मागं (पद्मिनी म्हणतंय कोण घरात!). पसरणी घाटात अर्ध्यावर फियाट आचके देऊन बंद पडली. इंजिनाला चिकटलेल्या एसी पंपात (टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप, गारव्याचा एसी नव्हे) पेट्रोलची वाफ झाली की कार्बोरेटर उपाशी. आण्णांनी बॉनेट उघडलं, फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं. ते चरचरलं, वाळलं, पुन्हा भिजवलं. थोड्या वेळानं गाडी चालू. पण तात्या मांडवभर ‘फियाट घाटात बसली’ सांगत फिरले, ते आजतागायत.

परतीचं मात्र सांगत नाहीत. उताराला आण्णा सेकंडवर, ब्रेकवर पाय जेमतेम. तात्या टॉपवर, ब्रेक दाबत. ड्रम ब्रेक दोघींनाही, पण तात्यांच्या गाडीला 200 किलो जास्त आवरायचे. खाली वाई दिसायला लागली तोवर चाकांतून जळका वास, आणि पेडल दाबून गाडी आवरेना. शेवटी हँडब्रेक ओढून कठड्याशी कशीबशी थांबवली. काकू उतरून फियाटमध्ये येऊन बसल्या, यातच काय ते आलं.

आता इसुझूचं 1.8 लिटर इंजिन आणि पाच गिअरची अ‍ॅम्बेसिडर मिळाली तर चढाचं गणित बदलतं, हे मान्य. माणसंही जास्त बसतात, कच्च्या रस्त्याला दणकट. शिवाय ती 2014 पर्यंत निघत होती, म्हणजे त्यातल्या त्यात नवी सापडेल. घ्याल ती घ्या, पण डिकीतलं मॅटिंग उचलून पत्रा बघा. गंज असेल तर इंजिन कितीही गोड वाजो, सोडून द्या. आणि विकणारा ‘फियाट घाटात बसते’ म्हणाला, तर त्याला म्हणावं, तुझी पसरणीतून खाली आणून दाखव.