नापास झालेली छात्राध्यापिका तुमच्याकडे आलीय, तर

मॅडम, पहिल्यांदाच मार्गदर्शक झालात आणि आंतरवासितेत, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावात, नापास झालेली शिक्षक व्हायला शिकणारी मुलगी वाट्याला आली, म्हणून धास्तावू नका. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

पहिले काही दिवस तिला शिकवायला पाठ देऊ नका. तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या, मुलांची नावं पाठ करू द्या. मग जुन्या निरीक्षण वहीतले शेरे दोघींनी मिळून वाचा. ‘वर्गनियंत्रण नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही; नेमकं कुठे बिनसलं ते शोधा. बऱ्याचदा फळ्यावर लिहिताना पाठ वळते, मुलं सुटतात, मग आवाज चढतो. अर्धी ओळ लिहून वर्गाकडे वळायचं, ही एकच सवय आधी लावा.

नवे मार्गदर्शक हमखास चुकतात ते इथे:

- पाठ चालू असताना मुलांसमोर टोकणं. हे कधीच नको.
- एका पाठावर दहा सूचना. दोन पुरेत, आणि काय जमलं ते आधी सांगा.
- पाठ टाचण (पाठ कसा घ्यायचा याचं लेखी नियोजन) स्वतःच लिहून देणं.

गुणांकनाचं नंतर बघू. पण तिच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांशी लगेच बोला. किती पाठ पुन्हा घ्यायचे, कधीपर्यंत, ते लेखी मागून घ्या.