ससे, तेरडा आणि दुप्पट डोस

प्रश्न : इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये ओढ्याकाठी चार एकर कुरण घेतलं आहे. ससे गवत ठेवत नाहीत. ओढ्याला हिमालयन बाल्सम हे तण माजतं, एका कोपऱ्यात जपानी नॉटवीड हे दुसरं चिवट तण आहे. दुकानदार म्हणतो, मे महिन्यातच ग्लायफोसेट हे तणनाशक दुप्पट मारा आणि बिळांत गोळ्या टाका. काय करावं?

उत्तर : दुकानदाराचं एकही ऐकू नका.

आधी गोळ्यांचं. ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, म्हणजे आपल्याकडे धान्यात ठेवतात तीच. ओल लागली की विषारी वायू सुटतो. इंग्लंडमध्ये प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय हात लावायचा नाही. गावाकडची सवय इथे आणू नका. आजारी ससा आणून सोडा असंही कोणी सांगेल. १९५३ मध्ये मिक्झोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाची साथ केंटमध्ये आली आणि पुढे देशभर सशांचा फडशा पडला, तेव्हापासूनचा हा सल्ला. मुद्दाम रोग पसरवणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्याने सशांचा बंदोबस्त मात्र जमीन कसणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर.

माझं म्हणणं एकच : जाळी. भोक ३१ मिलीमीटरचं, त्याहून मोठं घेतलंत तर पिल्लं आरपार जातात. जमिनीवर ९० सेंटीमीटर उंची, आणि खालची १५ सेंटीमीटर जाळी बाहेरच्या, सशांच्या बाजूला दुमडून वर गवताची ढेपळं. आत दुमडलेली जाळी मी कितीदा पाहिली, ससा तिच्या बाहेर उकरून खालून आत येतो. एका कुरणावर जाळी अगदी मापात होती, पण फाटकाखाली चार बोटं फट, तिथे लेंड्यांचा सडा आणि तारेला लव अडकलेली. बिळांचं काम हिवाळ्यात, पिल्लं व्हायच्या आत, फेरेट (बिळात सोडून ससे बाहेर काढणारा पाळीव मुंगसासारखा प्राणी) बाळगणाऱ्या माणसाकडून करून घ्या. ससे जमीन उघडी पाडतात तिथेच नको ती रोपं धरतात, म्हणून जाळी आधी.

बाल्सम हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, १८३९ मध्ये बागेसाठी इकडे आणलेला. याचा रंग मात्र तीन दिवसांत जात नाही! पिकलेली बोंडं फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं. जूनमध्ये, बी धरण्याआधी, हाताने उपटा, मूळ उथळ असतं. कापायचंच तर सर्वांत खालच्या पेराच्याही खाली कापा. वर कापलंत तर फुटवे येऊन पुन्हा फुलतो. सुरुवात ओढ्याच्या वरच्या अंगाने, नाहीतर वरून वाहून आलेलं बी तुमची मेहनत धुऊन नेईल. दोन-तीन वर्षं सलग. पाण्याकाठी तणनाशक एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेच्या परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही.

नॉटवीडवर मे महिन्यात फवारू नका. तेव्हा रस वर चढत असतो, शेंडा जळतो आणि जमिनीखालचे कंद ठणठणीत राहतात. फवारणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, रस खाली उतरताना, लेबलवरच्याच मात्रेत. दुप्पट मात्रेने पानं लगेच करपतात, औषध कंदापर्यंत पोचतच नाही. पुन्हा सांगतो, दुप्पट नको, मेमध्ये नको. स्ट्रिमर (दोरीने गवत कापायचं यंत्र) तर मुळीच नको, नखाएवढ्या तुकड्यातून नवं झाड उठतं. उपटलेलं खतात किंवा रस्त्याकडेला टाकू नका, तो कचरा परवानाधारकाकडेच द्यायचा.

अनुदान : कंट्रीसाइड स्टुअर्डशिप या सरकारी योजनेत सशांच्या जाळीला मदत मिळते. चालू दर आणि मुदत अर्जाआधी पाहा, करार होण्याआधी खांब रोवलात तर पैसे विसरा.